सड्यावरचे दोन सेकंद

पहिलं रॉकेट उडालंच नाही.

श्रीनिवासराव खातूंनी दहापासून उलटे आकडे मोजले, शून्य म्हणत बटण दाबलं आणि डोळे आभाळाला लावले. गावावरच्या उघड्या खडकाळ माळावर, सड्यावर, जांभ्या दगडात रोवलेल्या सळईला टेकून ते हातभर लांबीचं पुठ्ठ्याचं रॉकेट जिथल्या तिथं उभं होतं. चरत असलेली एक गाय मान वर करून दोघांकडे बघत राहिली.

"खातूशेठ, मुहूर्त बघितला होतात ना नीट?" युसूफभाई सोलकरांनी विचारलं.

श्रीनिवासरावांच्या हातातल्या फोनवर केतकी हसून लोटपोट झाली होती. त्यांची ही एकुलती एक मुलगी हैदराबादेत नोकरीला होती. "बाबा, लगेच जवळ जाऊ नका. जरा थांबा, मग बघा. इंजिनातली ठिणगीची तार सुटली असणार."

तार खरंच सुटली होती. ती पुन्हा बसवल्यावर मात्र रॉकेट फुस्सकन असं काही उडालं, की युसूफभाई दोन पावलं मागे सरकले. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबलेला तो माणूस लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. रॉकेट पार टोकाला गेलं, वाकलं, आणि सरळ करवंदीच्या जाळीत येऊन आपटलं. पॅराशूटखाली घालायचा न जळणारा कागद घालायला दोघंही विसरले होते. पॅराशूट वितळून त्याची गोळी झाली होती.

सावरखोल गावात श्रीनिवासरावांचं औषधांचं दुकान होतं. मुंबईहून औषधं आता उडत्या पेट्यांतून येत, गच्चीवर उतरत. त्यामुळे त्यांना फारशी धावपळ उरली नव्हती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. केतकी रोज फोन करायची, पण जेवलात का आणि गोळी घेतलीत का, यापुढे बोलणं सरकत नसे. शाळेत असताना तिला रॉकेटांचं वेड होतं. तेव्हा दुकानामुळे त्यांना तिच्याबरोबर एकदाही सड्यावर जाता आलं नव्हतं. एक दिवस माळ्यावरून तिचं जुनं खोकं त्यांनी खाली काढलं आणि फोनवर सहज विचारलं, "केतू, हे पंख चिकटवायचे कसे गं?" त्या दिवशी बाप-लेक तासभर बोलले.

युसूफभाई मधल्या आळीत राहायचे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले असताना काउंटरवर पुठ्ठ्याची नळी बघितली, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही त्यात पडले. रविवारी सकाळी जमिनीवरून वाहणारा मतलई वारा पडला आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटला नसला, की त्या मधल्या शांत वेळात दोघं सड्यावर जात. जैतूनभाभी नवऱ्याला ओरडायच्या, "म्हातारपणी बाण उडवताय!" आणि डब्यात दोघांपुरती घावनं बांधून द्यायच्या.

सड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली खाडी दिसायची, आणि खाडीच्या मुखाशी तेलाच्या पांढऱ्या टाक्यांची रांग. टाक्यांभोवती उंच खांब होते. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पंख मिटलेलं एक पांढरं यंत्र बसलेलं असे. गावात त्यांना बगळे म्हणत. या सगळ्या व्यवस्थेचं नाव होतं छत्र, आणि छत्र बनवणाऱ्या कंपनीतच केतकी काम करत होती.

"ते आमचं रॉकेट पाडणार नाही ना गं?" श्रीनिवासरावांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

केतकीने समजावून सांगितलं होतं. छत्राचे कॅमेरे उष्णता बघतात. जमिनीवरून तापलेलं काही वर झेपावलं, की त्याच्या ज्वाळेचा रंग, वेग, वळण टिपतात आणि आधी बघितलेल्या लाखो उड्डाणांशी ताडून बघतात. छत्राला माणसाला विचारायला वेळच नसतो. ते स्वतः ठरवतं. शत्रूचं असेल, तर एक बगळा आकाशातल्या रॉकेटवर जातो आणि दुसरा ते जिथून उडालं त्या जागेवर, कारण एक पाडलं तरी मागून आणखी येतात. निघालेला बगळा परत बोलावता येत नाही. तशी सोय ठेवली, तर शत्रूच खोटा हुकूम देऊन त्याला परतवेल.

"पण खेळण्यातलं इंजिन दोन सेकंदांत विझतं, बाबा. खरं अस्त्र जळतच राहतं. छत्र दोन सेकंद थांबतं. ज्वाळा विझली, की समजतं हे खेळणं आहे. तुम्ही निर्धास्त उडवा."

शिवाय सरकारकडून परवानगीबरोबर एक चिप मिळाली होती. तुळशीच्या मण्याएवढी, म्हणून तिचं नावच मणी पडलं. रॉकेटच्या नाकात तो मणी घालायचा. 'मी आपल्यातलाच आहे' असा संदेश तो छत्राला देत राही.

त्या पावसाळ्यानंतर दूरच्या एका बंदरावर हल्ला झाला. अस्त्रं इतक्या जवळून सुटली होती, की तिथलं छत्र दोन सेकंद थांबलं आणि तेवढ्यात उशीर झाला. टाक्या तीन दिवस जळत होत्या. टीव्हीवर सगळे एकच विचारत होते: छत्र थांबलं कशासाठी?

त्या दिवसांत केतकीचे फोन कमी झाले. फार काम आहे, एवढंच ती म्हणायची. श्रीनिवासरावांनी खोदून विचारलं नाही.

हिवाळ्यात युसूफभाईंनी नवं रॉकेट केलं. आधीच्यापेक्षा दुप्पट उंच. त्यांचे हात थरथरत, म्हणून रंगाचं काम श्रीनिवासरावांकडे आलं.

"माझं शेवटचं जहाज चांदीसारखं चमकायचं," युसूफभाई म्हणाले. "तसं करून द्या."

दुकानाच्या जाळीला लावून उरलेला रुपेरी रंग घरात होता. श्रीनिवासरावांनी त्याचे दोन हात नाकापासून शेपटीपर्यंत मनापासून दिले. मणी चालतो का, हेही न विसरता तपासलं. फोन रॉकेटच्या नाकाला टेकवला, पडद्यावर हिरवा ठिपका आला. रॉकेट खरोखरच देखणं झालं होतं.

रविवारी सड्यावर ऊन कोवळं होतं, आभाळ निर्मळ. एवढं उंच गेलेलं रॉकेट वाऱ्यावर लांब जाऊन पडणार, म्हणून श्रीनिवासराव ते पकडायला पुढे चालत गेले. बटण युसूफभाई दाबणार होते. त्यांचं रॉकेट, त्यांचा मान.

"तयार का, खातूशेठ?" युसूफभाईंनी लांबून हाक दिली.

"होऊ दे!"

रुपेरी रेघ सर्रकन वर गेली. श्रीनिवासराव तिच्याकडे बघत होते, म्हणून खांबावरचे बगळे उडालेले त्यांना दिसले नाहीत. खाडीकडून कापड फाटल्यासारखा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं, तेव्हा पांढरं काहीतरी सड्याला जवळजवळ चाटत युसूफभाईंच्या दिशेने निघालं होतं. त्यांनी हाक मारली. युसूफभाई अजून वरच बघत होते, कपाळावर हात धरून, उन्हाची तिरीप अडवत.

स्फोट फार मोठा नव्हता. जेवढा लागतो तेवढाच होता.

श्रीनिवासराव धावत गेले, पडले, पुन्हा उठले. ते पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते तिथंच जांभ्यावर बसून राहिले. वर पॅराशूट उघडलं होतं. रॉकेटला ओरखडासुद्धा आला नव्हता. ते संथपणे झुलत झुलत धुराच्या पलीकडे खाली आलं.

दुपारपर्यंत बातम्या सुरू झाल्या. तेलटाक्यांवर हल्ल्याचा प्रयत्न, छत्राने उधळला. घातपाती जागीच ठार. युसूफभाईंचा पासपोर्टवरचा फोटो दिवसभर पडद्यावर होता. त्यांनी कोणकोणत्या देशांच्या बंदरांत नोकरी केली, ती नावं कुणीतरी आवाज चढवून वाचत होतं. घराची झडती झाली. दफनाला मधल्या आळीतलेही सगळे आले नाहीत. आलेल्यांनी माना खाली घातल्या होत्या. जैतूनभाभी उंबऱ्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "ते खेळत होते. खातूभाईंना विचारा, ते नुसते खेळत होते."

श्रीनिवासरावांनी पोलिसांना तेच सांगितलं. त्यांचं ऐकून घेतलं, पण कुणी मान हलवली नाही. "मग मणी का बोलला नाही?" अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत होता.

दोन दिवसांनी केतकी न कळवता घरी आली. तिचे डोळे खोल गेले होते. चप्पल न काढताच ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"बाबा, रॉकेटला कुठला रंग दिला होता?"

"रुपेरी. जाळीचा."

तिने डोळे मिटले. "त्या रंगात अॅल्युमिनियमची पूड असते. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद असतो ना, तसं कवच झालं त्याचं. मण्याच्या लहरी बाहेर पडल्याच नाहीत."

"पण मी तपासलं होतं! हिरवा ठिपका आला होता!"

"फोन टेकवलेला होता, म्हणून आला. छत्राचे खांब तिथून किती लांब!"

श्रीनिवासरावांनी ओट्याचा आधार घेतला. चांगला दोन हात रंग. एका हातातही भागलं असतं कदाचित. 

"थांबा बाबा," केतकी म्हणाली. "पुरतं ऐका. मणी गप्प असला तरी युसूफचाचांना काही व्हायला नको होतं. आकाशातल्या रॉकेटवर गेलेला बगळा शेवटच्या क्षणी बाजूला वळला. रॉकेट तसंच खाली आलं, तुम्ही बघितलंत. इंजिन विझलं आणि त्या बगळ्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला कळलं, की हे खेळणं आहे. पण जमिनीवर जाणाऱ्या बगळ्याला तेवढंही वळायची मुभा नसते. त्याला जागा एकदाच सांगतात."

"छत्र तर दोन सेकंद थांबतं ना? तूच म्हणाली होतीस."

"आता नाही थांबत. त्या हल्ल्यानंतर वेळ कमी केली. अर्ध्या सेकंदाहून कमी." ती हातांकडे बघत बोलत होती. "चूक होण्याची शक्यता किती वाढेल, ते मला काढायला सांगितलं होतं. मी काढलं. फार थोडी वाढत होती, बाबा. हौशी लोकांकडे मणी असतातच, असं मी धरलं. त्या कागदावर माझी सही आहे. कुणाला बोलायचं नाही असा करार होता, म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. नुसतं 'काही दिवस उडवू नका' म्हणाले असते तरी..."

तिने आता कुठे चप्पल काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. मग ती म्हणाली, "चौकशीत मी सगळं सांगणार आहे."

"काय होईल त्याचं?"

"देशाच्या संरक्षणाचं गुपित फोडलं म्हणून खटला होईल. तुरुंगही होईल."

"नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"बाबा..."

"नाही म्हटलं ना! गेलेला माणूस परत येणार आहे का? रंग मी लावला, हे खोटं आहे का? नाही ना? मग मी तेवढंच सांगतो. युसूफभाई घातपाती नव्हते, एवढं त्यातून सिद्ध होतं. भाभींना दुसरं काय हवंय? तुझं नाव यायची गरजच नाही."

केतकीने मान वर केली.  तिच्या चेहऱ्यावर क्षणभर, पाठीवरचं ओझं कुणी उचलल्यासारखी सुटका दिसली. लगेच ती मावळली आणि तिथं लाज आली. श्रीनिवासरावांनी दोन्ही बघितलं. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

चौकशी अधिकाऱ्याला रुपेरी रंगाची गोष्ट मनापासून आवडली. ती सोपी होती, आणि तिच्यात यंत्राचा दोष नव्हता. प्रयोगशाळेने दुजोरा दिला. निकाल आला: हौशी व्यक्तीच्या अज्ञानामुळे घडलेला दुर्दैवी अपघात. युसूफभाईंचं नाव निर्दोष ठरलं. सड्यावर रॉकेट उडवायला कायमची बंदी आली, आणि छत्राने नेमून दिलेलं काम चोख केल्याचा उल्लेख अहवालाच्या शेवटी आला.

गावात लोक श्रीनिवासरावांकडे बघून कुजबुजू लागले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते जैतूनभाभींना घाबरत होते. एका सकाळी त्या दुकानात आल्याच. काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

"खातूभाई, तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंत. दुसरा गप्प बसला असता. माझ्या घराचा डाग तुम्ही धुतलात." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तुमच्या हातून झालं ते अजाणता झालं. मी माफ केलं. तुमच्यासाठी दुवा मागते मी रोज."

श्रीनिवासराव मागच्या खोलीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

त्यानंतर दर महिन्याला त्या गोळ्या न्यायला यायच्या. आधी नवरा न्यायचा त्याच, आता स्वतःसाठी. बसायच्या, दोन शब्द बोलायच्या. श्रीनिवासराव मान खाली घालून पाकिटं कापत राहायचे. केतकीचा फोन आता आठवड्यातून एकदा यायचा. जेवलात का. गोळी घेतलीत का.

किनाऱ्यावर आणखी बंदरांना छत्रं बसली. दिवाळीत त्यांच्या परिघात बाण उडवायला बंदी असे, आणि गावकरी ती पाळत. पण वैशाखात उत्तरेकडच्या एका बंदराजवळ घाटावरून वऱ्हाड आलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वरात देवळापाशी पोचल्यावर नवऱ्याच्या मित्रांनी भर संध्याकाळी बाटलीत बाण उभे केले आणि पेटवले.

सात माणसं गेली. त्यांत नवऱ्याची धाकटी बहीण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून श्रीनिवासराव झाडत होते, तोच जैतूनभाभी पायऱ्या चढून आल्या. गोळ्या न्यायची त्यांची तारीख नव्हती.

"बातमी बघितलीत?"

"हो."

"दिवाळीचा बाण म्हणे. कागदाचा." त्या स्टुलावर टेकल्या. "रात्रभर विचार करतेय मी. त्या बाणांना कुणी रुपेरी रंग दिला नव्हता, खातूभाई. मग त्यांना कशाने मारलं?"

श्रीनिवासरावांच्या हातातला झाडू तसाच राहिला.

"आणि रंगाशिवाय माणसं मरतात, तर मग माझ्या माणसाला कशाने मारलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. खरंच कळत नसल्यासारख्या त्या विचारत होत्या. "तुमची केतकी तिथंच आहे ना? तिला विचाराल?"

'तिला काय ठाऊक असणार' असं म्हणता आलं असतं. ते शब्द त्यांच्या ओठांवर तयारच होते. पण त्यांनी फोन काढला आणि लावला. पहिल्याच घंटीला केतकीने उचलला. तीही झोपलेली नसावी.

"केतू, समोर जैतूनभाभी आहेत. युसूफभाईंना कशाने मारलं, ते विचारतायत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग केतकी म्हणाली, "चाचींकडे द्या फोन."

जैतूनभाभी कानाला फोन लावून ऐकत राहिल्या. एकदाच त्यांनी विचारलं, "किती? अर्धा?" नंतर फक्त ऐकलं. शेवटी फोन काउंटरवर ठेवून त्यांनी पदर सारखा केला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी माफ केलं तेव्हाही?"

"हो भाभी. एकच मुलगी आहे मला..."

"त्या पोरीच्या आईबापांनाही एकच असेल," जैतूनभाभी म्हणाल्या. "ती काल वरातीत नाचत होती." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

केतकीने त्याच आठवड्यात सगळं सांगितलं, कागदासकट. सहा महिने ती तुरुंगात होती. मग जामीन झाला. नोकरी गेली, आणि टीव्हीवर आता तिचा फोटो होता. देशद्रोही म्हणणारे होते, तशी बाजू घेणारीही थोडी माणसं निघाली. छत्रं काढली नाहीत. दोन सेकंदांचा थांबा मात्र पुन्हा आला, आणि जमिनीवर जाणाऱ्या बगळ्याचा हुकूम माणसाच्या हातात गेला.

जामिनावर सुटल्यावर ती सावरखोलला आली. तिचे केस मधेमधे पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाली, "मला चाचींकडे जायचंय."

श्रीनिवासराव तिच्याबरोबर मधल्या आळीपर्यंत गेले. इतक्या महिन्यांत ते त्या आळीत फिरकले नव्हते. जैतूनभाभींच्या गोळ्या आता दुसऱ्या दुकानातून येत होत्या.

केतकीने दार वाजवलं. जैतूनभाभींनी उघडलं. बराच वेळ त्या तिच्याकडे बघत होत्या.  केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग जैतूनभाभी दारातून बाजूला झाल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "आत ये."

केतकी उंबरा ओलांडून आत गेली. श्रीनिवासरावांनी तिच्यामागे पाऊल उचललं.

जैतूनभाभींनी त्यांच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

ऊन वाढत चाललं होतं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. श्रीनिवासराव समोरच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि मुलगी बाहेर येईपर्यंत तिथंच उभे होते.